विश्लेषण : काँक्रीटही हळूहळू वाकते, हे कुणी ओळखले?

ठाण्यातील खोपटच्या एसटी आगारासारख्या ठिकाणी काँक्रीटच्या जमिनीला दोन गोष्टी सोसाव्या लागतात : गाड्यांचे वजन आणि ठिबकणारे इंजिन ऑइल. तेल सूक्ष्म छिद्रांत मुरते आणि वर्षानुवर्षे मुरत राहिल्यास काँक्रीटची ताकद घटू शकते. पण तेल नसले तरी, कायम भाराखाली टणक काँक्रीट हळूहळू दबत जाते. याला ‘क्रीप’ म्हणतात. त्याचे गांभीर्य ओळखणाऱ्यांत अग्रणी होते फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने.

पूल का खचू लागला?

१८७९ मध्ये जन्मलेले फ्रेसिने तरुणपणी फ्रान्समधील मुलें येथे सरकारी अभियंता होते. अलिए नदीवर ल वर्द्र येथे त्यांनी काँक्रीटच्या तीन कमानींचा पूल उभारला. १९११ च्या सुमारास तो तयार झाला. काही महिन्यांतच कमानींचे माथे खाली येऊ लागले; घसरण सुमारे १३ सेंटीमीटरवर गेली. भार वाढला नव्हता, तरी पूल वाकत होता. तेव्हाच्या नियमांत अशा बदलाला जागाच नव्हती. फ्रेसिने यांनी कुणालाही न कळवता, मोजकी माणसे घेऊन जॅक लावून कमानी उचलल्या. पूल वाचला.

उपाय काय सापडला?

काँक्रीटमध्ये ताणलेल्या तारा ठेवून त्याला आधीच दाबून धरायचे, ही कल्पना जुनीच होती. पण काँक्रीट दबले की तारा सैल पडत. साध्या पोलादातला ताण त्यातच संपून जाई. उच्च क्षमतेची तार खूप जास्त ताणता येते; थोडा ताण गेला तरी पुरेसा उरतो. फ्रेसिने यांनी १९२८ मध्ये याचे पेटंट घेतले. हेच प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट.

यश लगेच मिळाले?

नाही. स्वतःचा पैसा ओतून त्यांनी काँक्रीटचे खांब बनवण्याचा कारखाना काढला, पण १९२९ नंतरच्या मंदीत तो बुडाला. पन्नाशी उलटलेली, हाती फारसे काही नाही. १९३४ मध्ये ल आव्र बंदरातील नवी इमारत खचू लागली, तेव्हा त्यांच्याच पद्धतीने पाया सावरला गेला आणि जगाचा विश्वास बसला. १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.

ल वर्द्रचा पूल दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाला. त्याने शिकवलेला धडा मात्र टिकला. आज मोठ्या उड्डाणपुलांचे गर्डर आखताना पहिल्या दिवसाच्या भारासोबत पुढच्या अनेक वर्षांच्या वाकण्याचाही हिशेब मांडावा लागतो.