आंटोन वेबर्न

आंटोन वेबर्न यांचा जन्म ३ डिसेंबर १८८३ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. १९०४ मध्ये ते संगीतरचनाकार आर्नोल्ड शोनबर्ग यांचे शिष्य झाले. सप्तकातील कोणत्याही एका स्वराला आधारस्वर न मानता, बाराही स्वर ठरविलेल्या क्रमाने योजावयाचे, ही गुरूंची नवी पद्धती त्यांनी पुढे निष्ठेने स्वीकारली. एकही स्वर वाया जाऊ नये, असा त्यांचा कटाक्ष असे. त्यामुळे त्यांच्या कित्येक रचना दोन-चार मिनिटांतच संपतात.

१९३८ मध्ये ऑस्ट्रियावर नाझींची सत्ता आली व त्यांच्या संगीतावर बंदी पडली. इतरांच्या रचनांची मुद्रिते तपासून ते चरितार्थ चालवीत. परंतु स्वतःचे रचनाकार्य त्यांनी सोडले नाही. १५ सप्टेंबर १९४५ रोजी मिटरसिल गावी एका अमेरिकन सैनिकाच्या गोळीने त्यांचा अंत झाला.

१९५७ मध्ये रॉबर्ट क्राफ्ट यांच्या दिग्दर्शनाखाली ध्वनिमुद्रित झालेले त्यांचे संगीत प्रसिद्ध झाले. क्रमांक दिलेल्या त्यांच्या सर्व ३१ रचना अवघ्या चार तबकड्यांत मावल्या! संग्राहकांनी त्या तबकड्या अमोल ठेव्याप्रमाणे जतन केल्या. हयातीत ज्यांना थोडेच श्रोते लाभले, त्यांचे संगीत अशा रीतीने देशोदेशींच्या रसिकांच्या घरी पोहोचले.