आनंदीबाईंच्या सोबतीचे दुखणे

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात क्षयरोग शेवटच्या पानावर येतो, असा सर्वसाधारण समज आहे. पदवी मिळाली, मायदेशी परतल्या आणि निधन पावल्या, एवढेच आपण शाळेपासून ऐकत आलो. प्रत्यक्षात दुखणे त्याआधी कितीतरी वर्षे त्यांच्या सोबतीला होते.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या, कल्याणच्या यमुनेचा विवाह नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला. पुढे गोपाळरावांची बदली कलकत्त्याला झाली. तेथे विशीही न गाठलेल्या आनंदीबाईंना सततची डोकेदुखी, अशक्तपणा, अधूनमधून ताप आणि धाप यांनी घेरले. पत्रांतून स्नेह जुळलेल्या, न्यू जर्सीतील रोझेलच्या श्रीमती कार्पेंटर यांनी अमेरिकेहून औषधे पाठविली; गुण मात्र आला नाही.

अशा प्रकृतीनिशी १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई पतीशिवाय बोटीत चढल्या. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' कादंबरीने गोपाळरावांचा हट्ट घरोघरी पोहोचविला. परंतु हा निर्णय केवळ त्यांचा नव्हता. बंगालमधील श्रीरामपूर येथील सभेत आनंदीबाईंनी स्वतः उभे राहून आपण का जात आहोत, हे सांगितले होते. हिंदू स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, हे त्यांचे म्हणणे होते.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकू लागल्या. कडाक्याची थंडी, परका आहार आणि अभ्यासाचा ताण यांनी प्रकृती आणखी ढासळली. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता. मात्र त्यावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मिळण्यास १९४३ साल उजाडले. तोवर विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा एवढाच काय तो उपाय. यांतील विश्रांती परीक्षेच्या मागे लागलेल्या विद्यार्थिनीला कोठून मिळणार?

हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागाची प्रमुखपदाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. त्या वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या, पण अंथरुणाला खिळूनच. कोल्हापूरचे काम हाती घेता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर उरला होता. अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवलेल्या आहेत.