करकरणारे दार

यंदा स्मरणिकेसाठी मी गोष्ट लिहावयास घेतली आणि दोनदा फाडून टाकली. नायिकेला कलकत्त्यास धाडले, पण मी कलकत्ता पाहिलेले कोठे? शिवाय शेजारणी ओळखतील या भीतीने हातच चालेना. अशा वेळी जेन ऑस्टेनच्या चरित्राने मला धीर दिला. भगिनींनो, तेच आज सांगते.

जेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ रोजी इंग्लंडातील स्टीव्हन्टन या खेड्यात, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १७९७ साली वडिलांनी तिच्या कादंबरीविषयी प्रकाशकास लिहिले, तो टपालाने लागलाच नकार आला. १८०३ साली दुसरी कादंबरी दहा पौंडांस विकली गेली, पण घेणाऱ्याने ती छापलीच नाही. कोणीही लेखणी ठेवून दिली असती. परंतु १८०९ साली चॉटनच्या घरी आल्यावर जेनने जुनी बाडे पुन्हा उघडली. १८११ साली पहिली कादंबरी निघाली. तिच्यावर नाव नव्हते. लेखिका एक स्त्री आहे, एवढाच उल्लेख होता. ती लहानशा कागदांवर लिही. त्या घरातले एक दार करकरे. पाहुण्याची चाहूल लागून कागद झाकता यावेत म्हणून ते तिने दुरुस्त करू दिले नाही, असे तिच्या भाच्याने नमूद केले आहे.

भिडस्त असली तरी तपशिलाला ती पक्की होती. जिब्राल्टरच्या सरकारी वाड्याचा उल्लेख चुकीचा आहे, हे एका प्रवासवर्णनावरून कळताच तिने तो बदलला. नौदलातील भावाच्या जहाजांची नावे कादंबरीत आली, तेव्हा त्याची हरकत नाही ना, हे पत्राने विचारले. भाची ॲना कादंबरी लिहू लागली, तेव्हा आत्याने तिला बजावले, की आयर्लंडच्या चालीरीती ठाऊक नाहीत, तर पात्रांबरोबर तेथे जाऊ नये. ॲनाचे एक पात्र हात मोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी तबेल्याकडे फिरावयास निघाले होते. ॲनाचे वडील खरोखरच हात बसवताच बाहेर पडले होते; तरीही जेनने ते वाक्य खोडले. घडलेले सारेच पुस्तकात पटते असे नाही!

१८१६ च्या जुलैत प्रकृती ढासळत असतानाही शेवटच्या पुऱ्या झालेल्या कादंबरीचा शेवट तिला रुचेना. ती खिन्न झाली. पण पुन्हा बसून तिने तो नव्याने लिहिला. १८ जुलै १८१७ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, ती वारली. पुस्तकांची लेखिका कोण, हे भावाने त्यानंतरच छापून जाहीर केले. दहा पौंडांस विकलेले ते हस्तलिखित त्याच किमतीस परत घेतले होते. तेही त्याच सुमारास छापून निघाले.

हे वाचून मी नायिकेला कलकत्त्याहून मिरजेच्या स्टेशनावर परत आणले. ते मला लहानपणापासून पाठ आहे. मग धीर करून गोष्ट शेजारणीलाच वाचावयास दिली. तिने स्वतःला ओळखले नाही. मात्र लोणच्याच्या कैऱ्या मी पौषात चिरल्या आहेत, हे तिच्या नजरेतून सुटले नाही. मी मुकाट्याने पौषाचा वैशाख केला.