पेशवाई बुडाली, मल्लखांब तरला : बाळंभटदादा देवधर यांची कारकीर्द

वाराणसी : मणिकर्णिका आणि सिंधिया घाट मागे टाकून गंगेच्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे निघाले की भोसले घाटाच्या भक्कम दगडी भिंती समोर येतात. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा घाट काशीतील मराठी सत्तेची खूण आहे. पुढे ब्रह्माघाट व दुर्गाघाट परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. सरदारांनी या नगरीत घाट आणि देवळे उभारली. पुण्याच्या दरबारातून आलेल्या एका व्यायामगुरूने येथे आखाडा घातला. ते गुरू म्हणजे मल्लखांबाचे पुनरुज्जीवक बाळंभटदादा देवधर.

मल्लखांब त्यांच्याही आधीचा. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा निर्देश आहे. मात्र त्याला स्वतंत्र व्यायामविद्येचे रूप देण्याचे श्रेय बाळंभटदादांकडे जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे दोन मल्ल आले व त्यांनी पुण्याला आव्हान दिले, अशी कथा आखाड्यांत सांगितली जाते. कोणी पुढे येईना, तेव्हा अठरा वर्षांच्या बाळंभटांनी ते स्वीकारले. वणीच्या सप्तशृंगी गडावर त्यांनी उपासना केली. तेथे साक्षात मारुतीने त्यांना लाकडी खांबावरील डावपेच शिकवले, अशी श्रद्धा आहे. परतल्यावर त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबने माघार घेतली.

या आख्यायिकेतील चमत्कार बाजूला ठेवला, तरी तिच्यातील व्यायामशास्त्र पक्के आहे. वजनदार पैलवानापुढे हलक्या अंगाच्या मल्लाला चपळाई आणि पकड यांचाच आधार असतो. खाली जाड व वर निमुळता होत गेलेला, एरंडेल चोळलेला गुळगुळीत खांब हा न थकणारा प्रतिस्पर्धी ठरतो. त्यावर पकड किंचित ढिली पडली तरी शरीर घसरते. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा या प्रकारांनी मांड्या, कंबर, मनगटे आणि श्वास यांची एकाच वेळी कसोटी लागते. जोर-बैठकांनी बळ वाढते. त्या बळाला वळण लावण्याचे काम मल्लखांब करतो.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. सालिना आठ लाख रुपयांच्या तनख्यावर बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ती राहू लागले आणि त्यांच्या आश्रयाने बाळंभटदादाही उत्तरेत आले. राज्य गेल्यावर दरबारी मल्लांचे मानपान गेले. दरबाराच्या कौतुकावरच ही विद्या अवलंबून राहिली असती, तर ती तेथेच संपली असती. बाळंभटदादांनी ती शिष्यांच्या हाती सोपवली. ब्रह्मावर्तातील मराठी मुलांमध्ये, काशीत जन्मलेल्या आणि पुढे झाशीची राणी झालेल्या मनूनेही त्यांच्याकडे मल्लखांबाचे धडे घेतले, असे परंपरा मानते.

काशीतील आखाड्याने या विद्येला दरबाराबाहेरचे घर दिले. कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारख्या शिष्यांनी ती पुढे नेली. उत्तरेतून ती बडोदे आणि महाराष्ट्रातील तालमींत नव्याने रुजली. पुरलेल्या खांबाच्या जोडीला वेताचा मल्लखांब आला आणि चांगला वेत दुर्मीळ झाल्यावर त्याची जागा दोरीने घेतली.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली, तेव्हा मल्लखांब जगापुढे गेला. २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. आश्रयदात्याचे राज्य गेले तरी विद्या गुरुशिष्यांच्या साखळीवर तगते, याचा दाखला बाळंभटदादांनी घालून दिला. आज खांबावर चढण्यापूर्वी त्याला नमस्कार करणारी मुले त्याच साखळीतील पुढची कडी आहेत.