खाशाबांना न मिळालेला अर्धा तास

परभणीत रोज सकाळी जिम गाठणाऱ्या मित्रांनो, ‘नो रेस्ट डे’चं स्टेटस टाकण्याआधी पैलवान खाशाबा जाधवांची ही गोष्ट वाचाच.

१५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वरला त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे लाल माती घरचीच. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकताना खाशाबा १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला गेले. मॅटची फारशी सवय नव्हती, तरी सहावे आले! १९५२ला हेलसिंकीला जायचं तर खिसा रिकामा. गावाने वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकरांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले.

हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी त्यांची कुस्ती खूप लांबली आणि ते हरले. लगेचच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोवसमोर उभं केलं गेलं. नियमाने मध्ये ३० मिनिटांची विश्रांती हवी होती. पण ते ठणकावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. दमलेले खाशाबा हीही कुस्ती हरले.

हा अर्धा तास एवढा महत्त्वाचा का? स्नायू म्हणजे बारीक तंतूंची जुडी. मेंदूचा निरोप आला की तंतूत कॅल्शियम सुटतं, मायोसिन हे प्रथिन ॲक्टिनला धरून ओढतं आणि स्नायू आखडतो. या ओढाताणीला एटीपी नावाचं इंधन लागतं. गंमत म्हणजे, धरलेलं सोडायलाही तेच लागतं! त्याचा साठा काही सेकंदांचाच. फॉस्फोक्रिएटिन तो भरून देतं, पण जोराच्या झटापटीत तेही भराभर संपतं. मग ऑक्सिजनविना साखर वापरली जाते, स्नायूत आम्लता आणि फॉस्फेट वाढतं, पकड सैल पडते. तिथे जिद्दीचंही फार चालत नाही. बसून राहिलं की काही मिनिटांत फॉस्फोक्रिएटिन बरंच भरतं. आम्लता ओसरायला त्याहून जास्त वेळ लागतो.

तरीही खाशाबांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला ४४ वर्षं लागली. पुढे १९५५मध्ये ते पोलिस खात्यात फौजदार झाले. १९८४मध्ये रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.

त्यांच्या हक्काची विश्रांती त्यांना कुणी दिली नाही. तुम्हाला मात्र कुणी अडवलेलं नाही. उद्या हातपाय थरथरत असताना आणखी एक सेट मारावासा वाटला, तर आधी जरा टेका की!