सिलचरचा संसार

पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन आणि त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात उठलेले वादळ या गोष्टी चटकन आठवतात. त्यांच्या आयुष्यातील एक लहानसा कालखंड मात्र चरित्रांमध्ये बहुधा दोन-चार ओळींत उरकला जातो. आसामातील सिलचर येथे एका बंगाली वकिलाबरोबर त्यांनी केलेला संसार अवघ्या एकोणीस महिन्यांचा होता. भाषा, प्रांत आणि जात या तिन्ही सीमा ओलांडून दोन माणसे एकत्र आली होती. या तीन गोष्टी त्यांच्या आड आल्या नाहीत. आड आली ती चौथीच गोष्ट. पुढील चाळीस वर्षांच्या रमाबाई समजून घ्यायच्या, तर सिलचरच्या त्या घरात डोकावणे आवश्यक ठरते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे गाढे पंडित. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविण्याचे धाडस त्यांनी केले होते आणि त्यासाठी सनातन्यांचा रोषही पत्करला होता. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने घर सोडले आणि तीर्थयात्रेची वाट धरली. वेताच्या टोपलीत घालून, सेवकाच्या डोक्यावरून या मुलीचा प्रवास सुरू झाला. मुक्कामाच्या ठिकाणी पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राकडे चालू लागावे, असा त्या घराचा क्रम होता. घरची भाषा मराठी, अभ्यासाची संस्कृत. कन्नड, हिंदी आणि पुढे बंगाली या भाषा रमाबाईंना वाटचालीने दिल्या. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या मुलीला आईने भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत करविले होते.

थोरल्या बहिणीचा बालविवाह अयशस्वी ठरल्याने वडिलांनी रमाबाईंचे लग्न लहानपणी लावून दिले नाही. त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती. 1874 मध्ये दुष्काळाच्या तडाख्यात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि बहीण यांचा मृत्यू झाला. आईच्या अंत्यसंस्काराला पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत, तेव्हा भाऊ श्रीनिवासशास्त्रींबरोबर रमाबाईंनीही तिरडीला हात दिला; उंची कमी असल्याने त्यांनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. त्यानंतर ही भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी वाळूत खड्डे खणून त्यांनी रात्री काढल्या. 1878 मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची संस्कृतातील गती पाहून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले. बंगालमध्ये स्त्रीशिक्षणावर तिची व्याख्याने होऊ लागली. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेद दिले आणि ते वाचण्याचा आग्रह धरला. स्त्रियांनी वेद वाचू नयेत, या संस्कारात वाढलेल्या रमाबाईंच्या मनातील जुन्या श्रद्धा तेव्हापासून हलू लागल्या.

1880 मध्ये ढाक्यात श्रीनिवासशास्त्रींचे निधन झाले आणि रमाबाई एकट्या पडल्या. त्याच वर्षी पाटण्याजवळच्या बांकीपूर येथे त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह केला. बिपिनबाबू कलकत्ता विद्यापीठाचे एम. ए., बी. एल. आणि वकिलीच्या व्यवसायातले, ब्राह्मो विचारांकडे झुकलेले. जन्माने ते बंगालमधील शूद्र गणल्या गेलेल्या जातीचे होते. ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष यांचा विवाह म्हणजे धर्मशास्त्राच्या परिभाषेत प्रतिलोम विवाह. शास्त्रकारांनी सर्वांत निंद्य मानलेला प्रकार. ज्या ग्रंथांनी अशा विवाहाचा निषेध केला, ते ग्रंथ रमाबाईंना ठाऊक होते. अजाणतेपणी उचललेले हे पाऊल खचितच नव्हते.

हा विवाह 1872 च्या तिसऱ्या कायद्यानुसार नोंदणी पद्धतीने झाला. केशवचंद्र सेन आणि त्यांच्या ब्राह्मो सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून आलेल्या या कायद्याने आंतरजातीय विवाहाला मार्ग मोकळा करून दिला होता. परंतु त्याची एक विलक्षण अट होती. आपण हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणत्याही धर्माचे अनुयायी नाही, असे वधूवरांना जाहीर करावे लागे. पुराणे सांगून जगलेल्या घराण्यातील मुलीने हे जाहीर केले आणि तिच्या नव्या आयुष्याला प्रारंभ झाला. मुहूर्त, मंगलाष्टके, सप्तपदी यांपैकी काहीही त्यात नव्हते. त्या क्षणी दोघांचाही रूढ धर्मावरील विश्वास उरलेला नव्हता आणि ही गोष्ट त्यांना एकत्र आणणारी होती. पुढे हाच धागा ताणला जाणार आहे, याची कल्पना तेव्हा कोणालाच असण्याचे कारण नव्हते.

लग्नानंतर हे जोडपे सिलचरला राहू लागले. आसामातील काछाड जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण बराक नदीच्या काठी आहे आणि तेथील लोकभाषा बंगाली. सह्याद्रीत जन्मलेल्या आणि बावीस वर्षे कोठेही स्थिर न राहिलेल्या रमाबाईंना स्वतःचे म्हणावे असे घर येथेच प्रथम लाभले. या घरात सासू नव्हती, जावा नव्हत्या, माहेरही उरलेले नव्हते. जातीबाहेरच्या लग्नामुळे समाजाचा आधार तुटलेला. नव्या सुनेला घरची रीत शिकवायला कोणी नसणे ही एका परीने मोकळीक आणि दुसऱ्या परीने मोठे एकाकीपण. संसाराची रीत या दोघांना एकमेकांच्या साह्यानेच ठरवावी लागली असणार.

या घरातील भाषेचा प्रश्न मोठा कुतूहलाचा आहे. बिपिनबाबूंचे शिक्षण आणि वकिली इंग्रजीतील. रमाबाईंना तेव्हा इंग्रजी येत नव्हते. ते त्यांनी पुढे पुण्यात शिकायला घेतले. रमाबाईंची मातृभाषा मराठी, परंतु सिलचरमध्ये मराठी बोलणारे कोण असणार? पतीची मातृभाषा बंगाली मात्र रमाबाईंना अवगत झाली होती. थोडक्यात, भाषेच्या बाबतीत या विवाहातील अंतर पत्नीने चालून पार केले होते. प्रवासात व्यवहारापुरती शिकलेली भाषा आता घराची भाषा झाली. कोणतीही भाषा घरात शिरली की तिच्याबरोबर तिची पुस्तकेही येतात. रमाबाईंच्या बाबतीत नेमके हेच घडले.

16 एप्रिल 1881 रोजी या दांपत्याला कन्या झाली. मुलीच्या जन्माने घरातील माणसांचे चेहरे उतरावेत, असा तो काळ. येथे मात्र तिचे स्वागत आनंदाने झाले आणि नाव ठेवले मनोरमा. मराठी आणि बंगाली या दोन्ही घरांत सारखेच आपले वाटावे, असे हे नाव. याच दिवसांत बालविधवांसाठी शाळा काढण्याचा विचारही पती-पत्नींमध्ये झाला होता. रमाबाईंच्या पुढील कार्याचे बीज सिलचरच्या या संवादात आहे, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात ठळकपणे नोंदवायला हवी.

मतभेद उद्भवला तो घरातील एका छोट्या पुस्तकावरून. कलकत्त्यात असताना ख्रिस्ती मंडळींनी रमाबाईंना संस्कृत बायबलची प्रत भेट दिली होती. संस्कृत ही त्यांची हुकमी भाषा. तथापि त्या अनुवादाची भाषा त्यांच्या परिचयाच्या संस्कृतपेक्षा इतकी निराळी होती, की त्यात त्यांना गोडी वाटली नाही. सिलचरच्या घरी मात्र त्यांना ग्रंथसंग्रहात बंगालीतील लूकच्या शुभवर्तमानाची पुस्तिका सापडली. ती तेथे कशी आली, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. पंडिताच्या भाषेतून जे मनाला भिडले नाही, ते पतीच्या मातृभाषेतून भिडले. सिलचरमध्ये ॲलन नावाचे बाप्टिस्ट मिशनरी राहत असत. ते अधूनमधून घरी येऊन बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीची कथा समजावून सांगू लागले. जे पूर्वी कधी कोणत्या शास्त्रात वाचले नाही, असे काही आपण ऐकत आहोत, असे रमाबाईंना वाटू लागले.

बिपिनबाबू स्वतः मिशनच्या शाळेत शिकलेले होते. बायबल त्यांना अपरिचित नव्हते. परंतु ख्रिस्ती म्हणवून घेणे त्यांना मान्य नव्हते आणि आपल्या पत्नीने उघडपणे बाप्तिस्मा घेऊन, समाजात हीन लेखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती मंडळींत सामील व्हावे, हे तर मुळीच सहन होणारे नव्हते. रमाबाईंनी आपल्या मनाचा कल सांगितला तेव्हा ते संतापले. यापुढे मिशनऱ्याला घरी येऊ नका म्हणून सांगेन, असा इशारा त्यांनी दिला. जात मोडताना, कायद्यापुढे धर्म नाकारताना, स्वकीयांचा रोष पत्करताना जे दोघे एकत्र उभे राहिले, त्यांच्यात पत्नीने स्वतंत्रपणे एखादा धर्म स्वीकारावा का, या प्रश्नावर दरी पडली. बिपिनबाबूंना केवळ दोष देऊन भागणार नाही. जातीतून तुटलेल्या माणसाला आणखी एका बहिष्काराची धास्ती वाटणे अस्वाभाविक नव्हते. परंतु सुधारकाच्या घरातही अखेरचा शब्द पतीचाच असतो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले, हेही तितकेच खरे.

हा वाद कोठवर गेला असता, ते सांगता येत नाही. पती आणखी काही वर्षे जगले असते तर काय झाले असते, हे आपल्यालाच ठाऊक नाही, अशी कबुली रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात दिली आहे. त्याच आत्मकथनात या एकोणीस महिन्यांचा उल्लेख त्यांनी सुखाचा काळ म्हणून केला आहे. दोन्ही गोष्टी एकाच लेखणीतून उतरल्या आहेत आणि दोन्हींवर विश्वास ठेवायला हवा. फेब्रुवारी 1882 मध्ये बिपिनबाबूंचा कॉलऱ्याने मृत्यू झाला. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि मनोरमेला एक वर्षही पूर्ण झाले नव्हते. पती-पत्नींमधील तो संवाद कायमचा अपुरा राहिला.

त्याच वर्षी रमाबाई तान्ह्या मनोरमेला घेऊन पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली, 'स्त्री धर्मनीति' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री डॉक्टर हव्यात, अशी साक्ष मराठीतून दिली. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. सिलचरमध्ये अडलेले पाऊल दीड वर्षानंतर हजारो मैलांवर पडले. आता अडविणारा पती नव्हता. पण महाराष्ट्रातील सुधारकांची नाराजी होती आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशीही रमाबाईंचे खटके उडतच राहिले. कोणाच्याही सांगण्यावरून श्रद्धा ठेवायची नाही, हा त्यांचा बाणा दोन्हीकडच्यांना सारखाच जड गेला.

1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक तेथे प्रसिद्ध झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या मदतीवर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यात आले. विधवांसाठी शाळा काढण्याचा सिलचरमधील मनोदय असा पूर्ण झाला. याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी 11 मार्च 1893 रोजी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. पुढे दुष्काळातून सोडवून आणलेल्या शेकडो स्त्रिया आणि मुलींना केडगावच्या मुक्ती सदनाने आसरा दिला.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी एक काम ध्यास घेऊन केले. संपूर्ण बायबल त्यांनी मूळ भाषांचा अभ्यास करून मराठीत आणले आणि केडगावच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळविले. अल्पशिक्षित बाईलाही कळावी अशी साधी मराठी वापरण्याकडे त्यांचा कटाक्ष होता. संस्कृत ज्यांना जिभेवर होती, अशा पंडितेने हा आग्रह धरावा याचे अनेकांना आश्चर्य वाटते. संस्कृत बायबल बाजूला ठेवून बंगालीतील लहानशी पुस्तिका वाचत बसलेली सिलचरची रमाबाई डोळ्यांपुढे आणली, की हे आश्चर्य ओसरते.

मनोरमा वडिलांच्या मेधावी या आडनावानेच वावरली आणि आईच्या कार्यात तिचा उजवा हात बनली. 1921 मध्ये तिचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. बायबलच्या भाषांतराचे काम तोवर त्यांनी हातावेगळे केले होते.

महाराष्ट्रात आज परप्रांतीय वा परधर्मीय जोडीदाराशी विवाह करणाऱ्या तरुण-तरुणींची चर्चा प्रामुख्याने भाषा, स्वयंपाक आणि सणवार यांभोवती फिरते. या गोष्टी शिकून घेता येतात, हे रमाबाईंनी सिलचरमध्ये बंगालीतून संसार करून दाखविले. परंतु एकाचे मन बदलू लागले, तर दुसऱ्याने ते ऐकून घ्यायचे की दार लावून घ्यायचे, हा प्रश्न कोणत्याही घराला चुकलेला नाही. रमाबाई आणि बिपिनबाबूंना त्याचे उत्तर शोधण्याइतका वेळ मिळाला नाही.