संत एडिथ स्टाईन व त्यांच्या मातोश्रींचें घर

देवमंदिराच्या ज्युबिलीचा आनंद साजरा करीत असतां, ज्या घरांतून आपण त्या मंदिरांत येतों त्या घरांचेंही स्मरण व्हावें, ह्या हेतूनें एका संत स्त्रीचें व तिच्या घराचें अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

पोलंड देशांतील व्रॉत्सवाफ शहर दुसऱ्या महायुद्धापूर्वीं जर्मनींत असून त्यास ब्रेस्लाउ म्हणत. तेथें ता. १२ ऑक्टोबर १८९१ रोजीं एका यहुदी कुटुंबांत एडिथ स्टाईन ह्यांचा जन्म झाला. तो दिवस यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या महापर्वाचा होता. त्यामुळें हें शेंडेफळ मातेस विशेष प्रिय झालें. एडिथ दोन वर्षांच्या होण्यापूर्वींच वडील वारले. मातोश्री आउगुस्टबाईंनीं धीर न सोडतां लाकडाची वखार स्वतः चालविली, मुलांस शिक्षण दिलें, आणि सन १९१० मध्यें शहरांत एक प्रशस्त घर विकत घेतलें. तेथें सण यथाविधि पाळले जात.

एडिथ ह्यांनीं मात्र किशोरवयांतच प्रार्थना सोडली होती. त्या तत्त्वज्ञानाकडे वळल्या व सन १९१६ मध्यें फ्रायबुर्ग येथें प्रोफेसर हुसेर्ल ह्यांच्या हाताखालीं डॉक्टर झाल्या. सन १९२१ मध्यें आविलाच्या संत तेरेजा ह्यांचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें आणि ज्या सत्याचा शोध चालला होता तें त्यांस गवसलें. ता. १ जानेवारी १९२२ रोजीं त्यांचा स्नानसंस्कार झाला. ही वार्ता त्यांनीं स्वतः घरीं जाऊन सांगितली. त्या करारी मातेस मुलांनीं रडतांना क्वचितच पाहिलें होतें. त्या दिवशीं ती रडली.

सन १९३३ मध्यें हिटलरचें राज्य आलें व यहुदी वंशाच्या म्हणून एडिथ ह्यांची अध्यापकी गेली. तेव्हां त्यांनीं कोलोन येथील कार्मेल मठांत जाण्याचें ठरविलें. छळाच्या ऐन काळांत कन्या आपणांस सोडून जाते, हें वृद्ध मातेस सोसवेना. वाढदिवशीं एडिथ मातेसमवेत यहुदी प्रार्थनामंदिरांत गेल्या. रात्रीं मातेस कवटाळून बसल्या. आणि दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तें घर सोडलें. पुढें त्यांच्या पत्रांस मातेकडून पुष्कळ दिवस उत्तर आलें नाहीं. ता. १४ सप्टेंबर १९३६ रोजीं, पवित्र क्रूसाच्या सणादिवशीं, आउगुस्टबाई आपल्या धर्मांतच निवर्तल्या.

घरही टिकलें नाहीं. सन १९३९ मध्यें कुटुंबास तें विकणें भाग पडलें. भाऊ पॉल व बहीण फ्रीडा ह्यांचा तेरेझिनच्या छावणींत अंत झाला. एडिथ तत्पूर्वींच हॉलंडांतील एख्ट येथील मठांत गेल्या होत्या. बहीण रोझाही ख्रिस्ती होऊन तेथें आली. सन १९४२ च्या जुलैंत डच बिशपांनीं यहुद्यांच्या छळाचा जाहीर निषेध केला. त्याचा सूड म्हणून ता. २ ऑगस्ट रोजीं दोघी बहिणींस पकडण्यांत आलें, व ता. ९ रोजीं ऑश्विट्झ येथें त्यांस ठार मारण्यांत आलें. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं सन १९९८ मध्यें एडिथ ह्यांस संतपद दिलें.

तें घर मात्र अद्याप उभें असून संत एडिथ ह्यांच्या नांवें चालणारी संस्था तें सांभाळते. वाचकहो, संतांचें स्मरण करतांना त्यांच्या मातांस आपण सहसा विसरतों. कन्येनें देवाची हांक ऐकिली. परंतु त्या हांकेची किंमत मातेनेंही मोजली. म्हणून संत एडिथ ह्यांची मध्यस्थी मागतांना, वखारीच्या कष्टांतून तें घर उभें करणाऱ्या ह्या मातेसही आपण आदरानें आठवावें, अशी आमची विनंती आहे.